दिवस एक, स्थळें पांच

गेल्या अंकांत आमचें पान रिकामें राहिलें, त्याबद्दल कांहीं वाचकांनीं आपुलकीनें विचारपूस केली. आमची प्रकृति ठीक आहे. आषाढ महिन्यांत आम्ही सहकुटुंब मॉरिशस बेटास गेलों होतों, एवढेंच त्याचें कारण. थोरल्या चिरंजीवांस कचेरींतून आठ दिवसांची रजा मिळाली आणि सूनबाईंनीं असा आग्रह धरला कीं, यंदा आई-आबांनींही बरोबर आलेंच पाहिजे. सत्तरीकडे झुकलेल्या पेन्शनर शिक्षकास समुद्रापलीकडे जाण्याची हौस ती किती असणार! परंतु नातवंडांनीं दोन्ही हात धरले म्हणजे आजोबांच्या मतास किंमत उरत नाहीं, हा अनुभव आमच्या वयाच्या वाचकांस नवा नाहीं.

आठही दिवसांचें वर्णन लिहून कोणास शिणविण्याचा विचार नाहीं. त्यांतील एका दिवसाची हकीकत तेवढी सांगतों. त्या दिवसानें आम्हांस परत आल्यावर स्वतःच्या घराच्या माळ्यावर चढावयास लावलें. तें कसें, हें ओघानें येईलच.

मॉरिशस हें हिंदी महासागरांत मादागास्करच्या पूर्वेस आठ-नऊशें किलोमीटरांवर वसलेलें, ज्वालामुखीच्या लाव्हारसानें घडलेलें बेट. विषुववृत्ताच्या दक्षिणेस तें वीस अंशांवर येतें. लांबी सुमारें ६५ किलोमीटर आणि रुंदी ४५. आपल्या एक-दोन मोठ्या तालुक्यांएवढाच हा विस्तार. आषाढांत इकडे पाऊस कोसळत असतो, तेव्हां तिकडे हिंवाळा असतो. ऊन कोंवळें, वारा किंचित् बोचरा, आणि सूर्य सायंकाळीं पावणेसहाच्या सुमारास मावळतो. एवढेंसें बेट एका दिवसांत सारें पाहून होईल, असें नकाशा पाहणाऱ्यास वाटतें. घोटाळ्यास आरंभ तेथूनच होतो.

चिरंजीवांनीं आदल्या रात्रीं अकरा स्थळांची यादी केली होती. प्रत्येक स्थळापुढें मिनिटें मांडलेलीं. आम्हीं ती यादी पाहिली आणि शाळाखात्याच्या तपासणीची आठवण झाली. सूनबाई म्हणाल्या, बागेस वीस मिनिटें पुरावयाचीं नाहींत. नातू म्हणाला, देवळें वगळा. धाकट्या नातीस फक्त सात रंगांची माती पाहावयाची होती. शब्दानें शब्द वाढूं लागला, तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं हातांतील वातींचा कापूस खालीं ठेवला आणि निकाल दिला: "पंगतींत सगळेच पदार्थ सगळ्यांच्या आवडीचे नसतात, तरी प्रत्येकाच्या आवडीचा एकेक तरी असतो. तसें करा. प्रत्येकानें एक स्थळ मागावें, आणि दुसऱ्याच्या स्थळाला कोणीं नांव ठेवूं नये."

हा नियम सर्वांस मान्य झाला. नातवंडें दोन, पण त्यांचें स्थळ एकच, म्हणजे सात रंगांची माती. सूनबाईंची बाग, चिरंजीवांचा समुद्र, सौभाग्यवतींचें गंगा तलाव. आम्हीं पोर्ट लुई बंदरांतला आप्रवासी घाट मागितला. अकराचीं पांच झालीं. ज्या घरांत सहलीच्या आदल्या रात्रीं रुसवेफुगवे होतात, त्या घरांनीं हा तोडगा एकदां करून पाहावा, अशी शिफारस आहे.

दुसरे दिवशीं सकाळीं आठ वाजतां आम्ही उत्तरेकडील ग्रां बे गांवाहून मोटारीनें निघालों. मोटार हांकणारे गृहस्थ पन्नाशीचे, सांवळे, मितभाषी. आमचें आपसांतलें बोलणें थोडा वेळ ऐकून त्यांनीं मान न वळवितांच विचारलें, "तुमी मराठी?" आम्हीं होय म्हणतांच म्हणाले, "आमी पण मराठी." त्यांचे पूर्वज पणजोबांच्याही आधीं तेथें आलेले. घरांत भाषा चालते ती क्रिओल, म्हणजे फ्रेंचच्या पोटीं जन्मलेली तेथील लोकभाषा. मराठी ते लहानपणीं शाळेंत शिकले. ती तेथील सरकारी शाळांतून शिकवितात. गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुटी असते, आणि कोकणांतलें जाखडीचें नृत्य 'झाकरी' या नांवानें अजून नाचतात, असें त्यांनीं सांगितलें. त्यांचें मराठी सावकाश चालणारें होतें. शब्द आठवून आठवून, पण नीट पुसून पुढें ठेवल्यासारखे येत. आमच्या नातवाचें मराठी याच्या उलट, भरभर आणि अर्धें इंग्रजी. शिक्षकाच्या कानास हा फरक जाणवल्यावांचून राहिला नाहीं.

पहिलें स्थळ सूनबाईंचें. पांप्लेमूसची बाग पोर्ट लुईच्या उत्तरेस दहा-बारा किलोमीटरांवर आहे. फ्रेंच अंमलांत १७३५ च्या सुमारास गव्हर्नर लाबूर्दोने यानें तेथें आपल्या निवासासाठीं मळा केला. पुढें पियेर प्वाव्र या खटपटी गृहस्थानें पूर्वेकडील बेटांतून जायफळाचीं व लवंगेचीं रोपें १७७० च्या सुमारास आणवून तेथें लावलीं. हीं झाडें डच लोकांनीं डोळ्यांत तेल घालून आपल्या ताब्यांत ठेवलीं होतीं. पुरणांत चिमूटभर टाकावयाच्या जायफळासाठीं यूरोपांतील राष्ट्रें एकमेकांवर इतकी पाळत ठेवीत, हें ऐकून सूनबाईंस मोठी गंमत वाटली. बागेला आतां सर शिवसागर रामगुलाम यांचें नांव आहे. १९६८ च्या १२ मार्चला हा देश स्वतंत्र झाला, तेव्हांचे हे पहिले पंतप्रधान. १९८५ सालीं ते वारले. त्यांची समाधि त्याच बागेंत आहे.

तळ्यांतील प्रचंड कमळांचीं पानें कांठ वर वळलेल्या परातींसारखीं पाण्यावर मांडलेलीं होतीं. त्यांचें फूल पहिल्या रात्रीं पांढरें उमलतें आणि दुसऱ्या रात्रीं गुलाबी होतें. आम्ही मात्र ताडासारख्या एका उंच झाडापाशीं रेंगाळलों. आपल्या जुन्या ग्रंथांतून ज्यास श्रीताल म्हटलें आहे, तेंच हें झाड. याच्या पानांवर लोखंडी लेखणीनें कोरून दक्षिणेंत पोथ्या लिहीत. तें तीस-चाळीस वर्षें, कधीं त्याहूनही अधिक काळ, नुसतें वाढत राहतें. आयुष्यांत एकदांच फुलतें, फळें धरतें आणि वाळून जातें. नात म्हणाली, "म्हणजे एकदांच परीक्षा देतें?" आम्हीं होय म्हटलें.

साडेदहा वाजतां पोर्ट लुईस पोंचलों. आतां आमची पाळी. यादींत या स्थळास अर्धा तास दिला होता.

या घाटाचें प्रयोजन चार ओळींत सांगितलें पाहिजे. बेटावर पहिली वस्ती डच लोकांनीं केली. १५९८ मध्यें ते आले आणि आपल्या राजपुत्राच्या नांवावरून त्यांनीं बेटाचें नांव ठेविलें. १७१० मध्यें ते सोडून गेले; १७१५ मध्यें फ्रेंच आले; १८१० मध्यें इंग्रजांनीं तें जिंकलें. मळ्यांवर राबत ते आफ्रिका व मादागास्करमधून आणलेले गुलाम. १८३५ च्या फेब्रुवारींत गुलामगिरी कायद्यानें संपली, आणि ऊस लावावयास हात हवे झाले. म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानांतून करारबंद मजूर आणण्यास आरंभ झाला. ॲटलस नांवाच्या जहाजानें २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ३६ मजूर उतरविले. तो दिवस तेथें आजही सार्वजनिक सुटीचा आहे. इंग्रजी 'ॲग्रीमेंट' शब्दाचें लोकांच्या तोंडीं 'गिरमिट' झालें. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून १९२० पर्यंत सुमारें पांच लाख माणसें या बंदरांत आलीं. पुष्कळ तेथेंच राहिलीं. कांहीं पुढें इतर वसाहतींस धाडण्यांत आलीं. त्यांना उतरवून घेण्याची, नोंदण्याची आणि मळेवाल्यांच्या हवालीं करण्याची जी जागा, ती हा घाट. आज दिसते ती वास्तु १८४९ पासूनची. तिचा थोडाच भाग उरला आहे. २००६ सालीं तिची जागतिक वारशांत गणना झाली.

नांवानेंच आम्हांस प्रथम थांबविलें. 'प्र' उपसर्ग लागलेल्या 'वस्' धातूचा संस्कृतांत अर्थ घर सोडून परक्या ठिकाणीं राहणें असा आहे. मराठींत आपण त्याचा अर्थ वाट चालणें एवढाच करून टाकला. मराठी अर्थानें त्या दिवशीं प्रवासी होतों ते आम्ही, हातांत पाण्याच्या बाटल्या आणि खिशांत परतीचीं तिकिटें घेऊन आलेले. संस्कृत अर्थानें प्रवासी ते, जे या घाटावरून वर चढले.

आंत भिंतींचे उघडे दगड आहेत, स्वयंपाकघराच्या खुणा आहेत, रुग्णालयाच्या खोल्या आहेत. जहाजावरून उतरलेल्या मंडळींस येथें एक-दोन दिवस ठेवीत आणि मग मळ्यावर पाठवीत. एका बाजूस समुद्राकडून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. नातीनें त्या मोजल्या. सोळा भरल्या. "एवढ्याच?" ती म्हणाली. खरें आहे. आमच्या गांवच्या देवळास याहून अधिक पायऱ्या आहेत.

तेथें उभे असतांना मनांत आलें तें लिहितों. आमच्या पणजोबांच्या काळीं विलायतेहून परत आलेल्या मनुष्यानें प्रायश्चित्त घ्यावें कीं नाहीं, त्याच्या पंक्तीस बसावें कीं नाहीं, यावर आपल्या समाजांत मोठे वाद झाले. समुद्रगमन कलिवर्ज्यांत पडतें, म्हणून शास्त्रांचा कीस काढण्यांत आला. त्याच वर्षांत, त्याच मुंबईच्या धक्क्यावरून हे लोक गलबतांत चढत होते. त्यांच्या प्रायश्चित्ताचा प्रश्न आपल्या मंडळींपुढें आला नाहीं, कारण ते परत येतील अशी कोणास अपेक्षा नव्हती, आणि ते गेले याची दखलही कोणीं घेतली नव्हती.

आमच्यामागें मोटारवाले गृहस्थ उभे होते. आम्ही शिक्षक होतों, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यांतले, हें त्यांनीं वाटेंत ऐकलें होतें. त्यांनीं खिशांतून चौघडी घातलेला एक कागद काढला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत त्या काळच्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेविल्या आहेत. वंशजांस त्यांतील उतारा मिळतो. हा त्यांच्या खापरपणजोबांचा उतारा होता. नोंद अशी: एक अनुक्रमांक, नांव, बापाचें नांव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा रत्नागिरी, तोही इंग्रजींत ओळखूं न येण्याजोगा लिहिलेला, आणि गांव. गांवाच्या रकान्यांत एफ, यू, एन, एस, ओ, ओ अशीं सहा अक्षरें होतीं.

"गुरुजी," ते म्हणाले, "मराठी पाहुणे आले कीं मी हा कागद दाखवतों. लोक म्हणतात, माहीत नाहीं. तुम्ही तिकडचे. हें गांव कुठलें?"

चाळीस वर्षें आम्हीं मुलांस प्रश्न विचारले आणि उत्तर न येणारांस बांकावर उभें केलें. त्या सोळा पायऱ्यांपाशीं तो प्रसंग आमच्यावर आला. इंग्रज कारकुनानें, नाहीं तर त्याच्या हाताखालच्या दुभाष्यानें, ऐकलें तसें लिहिलें. तो गांव दापोलीकडचा फणसू असेल. रत्नागिरीजवळचा फणसोप असूं शकेल. त्याच बाजूचें फणसवळें असेल आणि शेवटचा अर्धा शब्द कारकुनाच्या कानांतून निसटला असेल. आम्हीं तिन्ही नांवें सांगितलीं आणि निश्चित सांगतां येत नाहीं, असें कबूल केलें. लाज वाटली. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. चौदा पिढ्यांचीं नांवें, कोण कोठें राहिला, कोणाच्या किती मुली कोणत्या घरीं दिल्या, सारें त्यांत आहे. या माणसापाशीं एक क्रमांक आणि सहा अक्षरें, आणि त्या अक्षरांचाही उलगडा आमच्याच्यानें होईना.

ते मात्र हंसले. "कालपर्यंत एकही गांव नव्हतें, गुरुजी. आज तीन झालीं." आणि त्यांनीं तीं तिन्ही नांवें नातवाकडून त्या कागदाच्या पाठीवर देवनागरींत लिहवून घेतलीं. नातवानें 'ण' दोनदां गिरवला.

येथपर्यंत आमच्या सौभाग्यवती गप्प होत्या. आतां त्यांनीं विचारलें, "तुमच्या घरीं नारळ ठेवून गाऱ्हाणें घालतात का हो? आजी असतांना घालीत होत्या का?" गृहस्थ चमकले. होय, आजी घालीत असे. "मग पहिलें नांव कोणाचें घेत?" त्यांनीं डोळे मिटले. आम्हांस वाटलें, आठवणार नाहीं. मग ते म्हणाले, "वाघजाई. आई वाघजाई, असें म्हणायची. मला वाटायचें, तें आमच्या कोण्या नातलग बाईचें नांव आहे."

वाघजाईचीं ठाणीं कोकणांत ठिकठिकाणीं आहेत. तेवढ्यावरून तिन्हींतला एक गांव निवडतां येत नाहीं. तरी कागदानें जें सांगितलें नव्हतें, तें नारळाच्या प्रश्नानें सांगितलें. सहा अक्षरांच्या जोडीला आतां एक देवता मिळाली. आम्ही अक्षरांवर अडून बसलों होतों. घर कशानें ओळखावें हें सौभाग्यवतींस अधिक ठाऊक होतें. चिरंजीवांनीं या सगळ्या वेळांत दोनदां घड्याळ पाहिलें आणि दोन्ही वेळां तें बाहीखालीं झांकलें. बाहेर आलों तेव्हां सव्वाबारा झाले होते.

बाजारांत उभ्याउभ्या दाळपुरी खाल्ली. तेथें ती सर्वांच्या आवडीची आहे. शिजवून वाटलेली डाळ भरून लाटलेली पातळ पोळी, दोन-दोनांच्या जोडीनें देतात. सोबत घेवड्यासारख्या दाण्यांची भाजी आणि झणझणीत चटणी. बिहाराकडच्या मजुरांबरोबर ती गेली. सौभाग्यवतींनीं एक घांस घेऊन अभिप्राय दिला, "पुरणपोळीच आहे, गूळ घालायचा राहिला." पैसे देतांना तेथील नोटेवर देवनागरी अक्षरें आहेत, हें नातीनें सर्वांस दाखविलें.

तेथून दक्षिणेकडे चढ लागतो. दोहों बाजूंस तुऱ्यावर आलेला ऊस आणि उसाच्या मध्येंच काळ्या दगडांचे रचलेले मोठमोठे ढीग. पहिल्यानें कोणास वाटावें, पडक्या गढ्या असतील. तसें नाहीं. जमीन ज्वालामुखीच्या दगडांनीं भरलेली. नांगर चालावा म्हणून ते दगड मजुरांनीं हातांनीं वेंचून बाजूस रचले. कित्येक ढीग पुरुषभर उंचीहून मोठे आहेत. सकाळींही आम्ही असेच ढीग ओलांडून आलों होतों आणि त्यांकडे लक्ष गेलें नव्हतें. घाट पाहून झाल्यावर ते दिसूं लागले.

गंगा तलाव हें सौभाग्यवतींचें स्थळ. समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटर उंचीवर, विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखांत सांठलेलें तें पाणी. महाशिवरात्रीस बेटाच्या कोनाकोपऱ्यांतून लाखों लोक पायीं कावडी घेऊन येतात. १९७२ सालीं हिमालयांतील गंगेचें जल आणून त्यांत मिसळण्यांत आलें, तेव्हांपासून तें गंगा तलाव. कांठावर शंकराची ३३ मीटर उंच मूर्ति २००७ मध्यें उभी राहिली. बडोद्याच्या सुरसागर तलावांतील मूर्तीवरून ती घडविली आहे. आम्ही पोंचलों तेव्हां धुकें उतरलेलें, मूर्तीचें मस्तक दिसेना. सौभाग्यवती पाण्याशीं जाऊन हात जोडून उभ्या राहिल्या. आमच्यांतला शास्त्री जागा झाला आणि ही खरी गंगा नव्हे वगैरे कांहीं बोलणार, तोंच रात्रींचा नियम आठवला. दुसऱ्याच्या स्थळाला नांव ठेवावयाचें नाहीं! नियम बरा होता. ज्यांना काशीस जाणें आयुष्यांत शक्य नव्हतें, त्यांनीं डोंगरावरच्या पाण्यास गंगा म्हटलें. त्यांना चुकीचें ठरविण्यास आपण तेथें त्या वेळीं नव्हतों, सोबतीलाही नव्हतों.

शामारेलला पोंचावयास साडेतीन वाजले. नातवंडांचा धीर सुटत चालला होता. परंतु सात रंगांच्या मातीनें त्यांची निराशा केली नाहीं. एका उघड्या टेकाडावर तांबडी, तपकिरी, जांभळी, निळसर, पिवळी अशा मातीच्या लाटा पसरलेल्या आहेत, आणि त्यांवर गवताचें पातें नाहीं. ज्वालामुखीचा काळा दगड पावसानें झिजून त्याची माती झाली; त्यांतील विरघळणारे पदार्थ वाहून गेले, आणि लोखंड व ॲल्युमिनियम यांचीं संयुगें मागें राहिलीं. लोखंडानें तांबडे रंग दिले, ॲल्युमिनियमनें निळे-जांभळे. नातवानें वहींत सात रंग लिहावयास घेतले. पांच झाले आणि सहाव्यावर बहीणभावांचें भांडण जुंपलें. हें भांडण अद्याप आमच्या घरीं चालू आहे.

आतां राहिलें चिरंजीवांचें स्थळ. ल मॉर्न या डोंगराच्या पायथ्याशीं समुद्रांत पोहावें, ही त्यांची हौस. परंतु सूर्य कलला होता आणि परतीचा पल्ला सारें बेट ओलांडण्याचा. घाटावर आम्हीं घेतलेला वेळ तो हाच होता, हें आम्हांस कळत होतें. आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच चिरंजीव म्हणाले, "आबा, माझें स्थळ लांबून पाहूं." शामारेलहून उतरतांना एका वळणावर मोटार थांबविली. खालीं निळ्या-हिरव्या उथळ पाण्यांत पुढें आलेला तो डोंगर, ५५६ मीटर उंचीचा, संध्याकाळच्या उन्हांत उभा होता. पळून गेलेले गुलाम त्याच्या कड्यांत आसरा घेत. गुलामगिरी संपल्याचें सांगावयास शिपाई येतांना पाहून, ते आपल्याला धरावयास आले असें समजून, कित्येकांनीं वरून उड्या घेतल्या, अशी तेथील लोककथा आहे. २००८ मध्यें हा डोंगरही जागतिक वारशांत गेला. त्याच वळणावर चिरंजीव मुलांना हें सारें सांगत होते. लहानपणीं त्यांना इतिहासांत गति नाहीं, असें आम्हींच त्यांच्या प्रगतिपुस्तकावर लिहिलें होतें. तें मत आम्ही येथें परत घेतों.

रात्रीं निरोप घेतांना मोटारवाल्या गृहस्थांनीं सौभाग्यवतींस वाकून नमस्कार केला. ठरलेल्या भाड्याहून अधिक घेण्यास ते तयार झाले नाहींत. "गांव कळला तर लिहा," एवढेंच म्हणाले.

आतां माळ्याची गोष्ट. आमच्या पूर्वजांकडे रत्नागिरी जिल्ह्यांत एका गांवची निम्मी खोती होती. १९४९ च्या कायद्यानें खोती गेली, दप्तर राहिलें. रुमालांत बांधलेले मोडी कागद चार पिढ्यांच्या धुळीखालीं पडून होते. मोडी आम्ही लहानपणीं आजोबांपाशीं शिकलों. तरी ते रुमाल सोडण्याची बुद्धि आम्हांस आजवर झाली नव्हती. चौदा पिढ्या छापून निघाल्या होत्या, मग आणखी काय पाहावयाचें? परत आल्यावर तिसऱ्या दिवशीं वर चढलों. नात विजेरी धरून बसली.

कुळांच्या खात्यांत तीन ठिकाणीं नांवापुढें एकच शब्द आढळला: 'परागंदा'. म्हणजे गांव सोडून निघून गेला. कोठें गेला, कां गेला, बरोबर कोण होतें, यांविषयीं अवाक्षर नाहीं. परंतु त्याच ओळींत त्याच्याकडे येणें असलेली बाकी आण्या-पैपर्यंत नोंदलेली आहे. आंकडे नातीस वाचतां आले. तिनें विचारलें, "आबा, हा माणूस कुठें गेला?" आम्हीं सांगितलें, ठाऊक नाहीं. "मग हे पैसे तुम्हीं कोणाकडून घेतले?" आम्हीं तें पान तेथेंच मिटलें, पण प्रश्न मिटला नाहीं. ते तिघे मॉरिशसला गेले, कीं मुंबईच्या गिरणींत, कीं कोठें वाटेंतच संपले, हें कागद सांगत नाहीं. आमच्या वाडवडिलांच्या मागणीमुळेंच ते गेले, असेंही त्यावरून म्हणतां येत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, माणूस गेला तेव्हां आमच्या घरानें त्याची बाकी लिहून ठेविली आणि वाट लिहून ठेविली नाहीं. समुद्रापलीकडच्या नोंदवहींत निदान बापाचें नांव व गांव विचारून घेतलें होतें, चुकीचें का होईना.

या मासिकाच्या वाचकांत कोकणांतलीं, देशावरचीं जुनीं घरें पुष्कळ आहेत. कित्येकांच्या माळ्यावर असे रुमाल असतील. घर पाडून सदनिका बांधतांना प्रथम ते रद्दींत जातात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. आमची विनंती एवढीच कीं, ते टाकण्यापूर्वीं मोडी वाचणाऱ्या कोणास तरी दाखवावे. 'परागंदा' असा शेरा जेथें दिसेल तेथील नांव, बापाचें नांव, गांव आणि साल एका कागदावर स्वच्छ देवनागरींत उतरून आमच्याकडे धाडावें. दापोली व रत्नागिरी या बाजूंच्या वाचकांनीं तर अवश्य धाडावें. फणसू, फणसोप किंवा फणसवळें यांपैकीं एखाद्या गांवीं ज्यांचे आप्त असतील, त्यांनीं तेथें वाघजाईचें ठाणें कोठें आहे आणि त्या ठाण्याचे मानकरी कोण, हेंही विचारून कळवावें. आलेल्या याद्या एकत्र करून मोका येथील संस्थेकडे पाठविण्याचें काम आम्ही अंगावर घेतों.

त्या गृहस्थांस आम्हीं पत्र लिहिलें आहे. सोबत तिन्ही गांवांच्या जागा दाखविणारा नकाशा नातवानें काढून दिला. त्यांत या खेपेस 'ण' पहिल्याच हाताला नीट आला. उत्तरादाखल सांगण्याजोगें कांहीं हातीं आल्यास याच पानावर कळवूं. पुढील अंकीं, कबूल केल्याप्रमाणें, चातुर्मासांतील पथ्यापथ्याचा अपुरा राहिलेला विषय पुरा करण्याचें योजिलें आहे.